पदवीनंतर स्पॅनिश शिकण्यासाठी परदेशी जाताना: कोकणातील विद्यार्थ्यांसाठी टप्प्याटप्प्याने मार्गदर्शन

रत्नागिरी, सिंधुदुर्ग किंवा रायगडमधून पदवी घेऊन मुंबई-पुण्याला नोकरीसाठी जाणे ही आपल्याकडची जुनी वाट आहे. अलीकडे या वाटेवरच्या बऱ्याच मुलामुलींच्या मनात आणखी एक विचार येतो, तो म्हणजे एखादी परदेशी भाषा नीट शिकून नोकरीच्या बाजारात आपले स्थान बळकट करण्याचा. स्पॅनिश ही त्यासाठी चांगली निवड आहे. ती वीस देशांची राजभाषा आहे, संयुक्त राष्ट्रांच्या सहा अधिकृत भाषांपैकी एक आहे आणि आपल्या देशाचा लॅटिन अमेरिकेशी औषधे, रसायने व वाहने यांचा मोठा व्यापार चालतो. मी रत्नागिरीत वाणिज्य शाखेची पदवी घेतली, पुण्यात स्पॅनिशचा पाया घातला, पुढे स्पेनमधील सालामांका येथे शिकले आणि आता निर्यातीच्या कामात ती भाषा रोज वापरते. या वाटेवर कोणत्या गोष्टी कोणत्या क्रमाने कराव्यात हे सांगणारे माणूस गावाकडे सहसा भेटत नाही, म्हणून हा लेख.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट आधी सांगते. परदेशातील वर्ग हा भाषेचा श्रीगणेशा करण्यासाठी नाही. पाया इथे घालावा, परदेशी जाऊन तो पक्का करावा आणि भाषेला आपल्या पदवीच्या विषयाची जोड द्यावी. या तीनपैकी एक गोष्ट जरी सुटली, तरी खर्च होतो आणि हाती फारसे काही लागत नाही.

१. आधी काम ठरवा, देश नंतर

नुसत्या स्पॅनिशवर मिळणाऱ्या नोकऱ्या आहेत, पण त्या बहुतेक ग्राहकसेवेच्या असतात आणि त्यांत वाढीला मर्यादा असते. स्पॅनिशसोबत हिशेब, रसायनशास्त्र, मत्स्यव्यवसाय किंवा हॉटेल व्यवस्थापन येत असेल, तर त्याच माणसाची किंमत बदलते. पुणे, बंगळुरू, हैदराबाद आणि गुरुग्राम येथील बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या सेवा केंद्रांत स्पेन व लॅटिन अमेरिकेची बिले, खरेदी आणि पगार यांचे काम चालते. तिथे बी.कॉम. झालेला आणि स्पॅनिश वाचू-बोलू शकणारा उमेदवार हवा असतो. लोटे परशुरामसारख्या औद्योगिक वसाहतीत रसायनांचे काम जवळून पाहिलेल्या बी.एस्सी.च्या विद्यार्थ्याने औषध आणि कीटकनाशक कंपन्यांच्या नोंदणी विभागाकडे लक्ष द्यावे, कारण लॅटिन अमेरिकेतील देशांत माल विकण्यापूर्वी सरकारदरबारी सादर करायची कागदपत्रे स्पॅनिशमध्ये असावी लागतात. मात्र ब्राझीलची भाषा पोर्तुगीज आहे, हे विसरू नये. जाहिरातीत 'लॅटिन अमेरिका' एवढेच लिहिलेले असले, तर नेमके कोणते देश सांभाळायचे आहेत हे विचारून घ्यावे.

आपल्या किनाऱ्याशी थेट जोडलेले क्षेत्र म्हणजे मासळीची निर्यात. भारतातून युरोपात जाणाऱ्या म्हाकुळाचा स्पेन हा मोठा ग्राहक आहे. मासळी निर्यात करणाऱ्यांचा पत्रव्यवहार इंग्रजीत चालतो हे खरे, परंतु मालाच्या प्रतीवरून किंवा वजनावरून वाद उभा राहिला, की समोरच्याशी त्याच्या भाषेत बोलू शकणारा माणूस कंपनीला हवाहवासा वाटतो. पर्यटनाच्या बाबतीत मी थोडी सावध राहीन. सिंधुदुर्ग १९९७ पासून पर्यटन जिल्हा आहे आणि शेजारच्या गोव्यात युरोपीय पाहुणे येतात, तरी केवळ त्यांच्या भरवशावर एवढा खर्च करणे मला योग्य वाटत नाही.

२. बी१ पातळीपर्यंत इथेच शिका

युरोपात भाषेच्या सहा पातळ्या मानतात: ए१, ए२, बी१, बी२, सी१ आणि सी२. नोकरीच्या दृष्टीने बी२ ही खरी उंबरठ्याची पातळी आहे. भाषांतर किंवा दुभाष्याचे काम हवे असेल, तर सी१ लागते. ए१ आणि ए२ साठी युरो खर्च करण्याचे काहीच कारण नाही. तेच व्याकरण आणि तेच प्राथमिक संवाद पुण्यात, मुंबईत किंवा घरी बसून ऑनलाइन वर्गात फार कमी पैशांत शिकता येतात. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमधील विद्यापीठाच्या परदेशी भाषा विभागात स्पॅनिशचे अभ्यासक्रम आहेत आणि दिल्लीत स्पेन सरकारच्या इन्स्तितुतो सेर्वान्तेस या संस्थेची शाखा आहे. पदवीच्या दुसऱ्या वर्षापासून सुरुवात केली, तर अंतिम परीक्षा होईपर्यंत बी१ गाठणे अवघड नाही.

मराठी माणसासाठी एक सोय आहे, तिचा लाभ घ्यावा. आपण स्पॅनिश बहुधा इंग्रजीतून शिकतो आणि त्यामुळे सोपे असलेले कठीण करून घेतो. नामाच्या लिंगाप्रमाणे विशेषण बदलणे आपल्याला नवे नाही, आणि 'मला आंबा आवडतो' या वाक्याची रचना स्पॅनिशमध्ये जवळपास तशीच आहे. इंग्रजीतून गेलो, की आवडणाऱ्या गोष्टीऐवजी माणूस कर्ता होतो आणि वाक्य चुकते. वहीत इंग्रजीऐवजी मराठीत टिपणे काढा, हा माझा आग्रहाचा सल्ला आहे. स्पॅनिश स्वरही देवनागरीत जवळजवळ जसेच्या तसे लिहिता येतात.

३. देश आणि संस्था निवडणे

ज्यांना युरोपीय ग्राहकांचे काम करायचे आहे, त्यांच्यासाठी स्पेन सोयीचा आहे. सालामांका विद्यापीठ १२१८ साली स्थापन झाले आणि परदेशी विद्यार्थ्यांना स्पॅनिश शिकवण्याची तिथली परंपरा मोठी आहे. ग्रानादा विद्यापीठाचे आधुनिक भाषांचे केंद्रही चांगले आहे. माद्रिद आणि बार्सेलोनाचे आकर्षण असणे साहजिक आहे, पण तिथे घरभाडे फार आणि इंग्रजी बोलणारेही फार. शिवाय बार्सेलोनात रस्त्यावर आणि सरकारी कार्यालयांत कातालान भाषाही चालते, त्यामुळे नवशिक्याचा गोंधळ होतो. मध्यम आकाराचे विद्यापीठाचे गाव हा माझ्या मते सर्वांत चांगला पर्याय आहे. दक्षिणेकडील आंदालुसियात शब्दाच्या शेवटचा 'स' पुष्कळदा गिळतात. तिथे कान तयार व्हायला वेळ लागतो, परंतु एकदा तयार झाला की पुढे कुठेही अडत नाही.

ज्यांचे लक्ष अमेरिकेतील किंवा लॅटिन अमेरिकेतील ग्राहकांवर आहे, त्यांनी मेक्सिको, कोलंबिया आणि ग्वाटेमाला यांचाही विचार करावा. ग्वाटेमालातील अँटिग्वा या जुन्या शहरात एका शिक्षकापाशी एकच विद्यार्थी अशी शिकवण्याची पद्धत रुळलेली आहे आणि खर्च स्पेनपेक्षा कमी येतो. विमानप्रवास मात्र लांबचा आणि महाग आहे.

संस्था पारखताना तीन गोष्टी पाहाव्यात. तिला इन्स्तितुतो सेर्वान्तेसची मान्यता आहे का, आठवड्याला किमान वीस तास शिकवणी आहे का आणि व्हिसा नाकारला गेला तर शुल्क परत मिळते का. या तिन्हींची उत्तरे ईमेलवर लेखी घ्यावीत. एजंटामार्फत जाणार असाल, तर पैसे त्याच्या खात्यात न भरता थेट संस्थेच्या खात्यात भरावेत. 'कोर्सनंतर नोकरीची हमी' असे जो सांगतो, त्याच्याशी पुढे बोलण्याची गरज नाही.

४. पैशांची तयारी

स्पेनच्या दीर्घ मुदतीच्या विद्यार्थी व्हिसासाठी दरमहा किती रक्कम दाखवायची, हे तिथल्या 'इप्रेम' नावाच्या सरकारी निर्देशांकावर ठरते. तो २०२३ पासून महिना ६०० युरो आहे. म्हणजे सहा महिन्यांसाठी ३,६०० युरो, सध्याच्या दराने साडेतीन लाख रुपयांहून अधिक. हा झाला केवळ राहण्या-जेवण्याचा पुरावा. कोर्सचे शुल्क, विमान, विमा, कागदपत्रे आणि मुंबईच्या खेपा यांचा खर्च वेगळा धरावा.

आपल्याकडच्या घरांची खरी अडचण रकमेपेक्षा ती दाखवण्याची असते. आंबा किंवा काजूच्या बागायतदाराचे पैसे एप्रिल-मेमध्ये एकदम येतात, बरेचसे पतसंस्थेच्या ठेवीत असतात आणि शेतीचे उत्पन्न करमुक्त असल्याने आयकर विवरणपत्रात मोठा आकडा दिसत नाही. व्हिसा अधिकाऱ्यापुढे मात्र मागील सहा महिन्यांचे बँक विवरण जाते आणि अर्जाच्या तोंडावर अचानक जमा झालेली मोठी रक्कम संशयास्पद वाटते. म्हणून हंगाम संपताच रक्कम राष्ट्रीयीकृत किंवा मोठ्या खासगी बँकेत आणून ठेवावी आणि तिथेच राहू द्यावी. वाशीच्या दलालाकडून आलेल्या मालविक्रीच्या हिशेबाच्या पट्ट्या फेकू नयेत. त्या हंगामवार लावून त्यांच्यासोबत सातबारा, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि या सगळ्याचा मेळ घालणारे एक पानी इंग्रजी पत्र जोडावे. कोणत्या तारखेची पट्टी बँकेतील कोणत्या नोंदीशी जुळते, हे त्या पत्रात लिहिलेले असले, की पाहणाऱ्याला शंका राहत नाही.

भाषेच्या अल्प मुदतीच्या कोर्सला बँका शैक्षणिक कर्ज द्यायला सहसा तयार नसतात, कारण शेवटी पदवी मिळत नाही. वैयक्तिक कर्जाचा व्याजदर जड असतो. अशा कोर्ससाठी कलमांची बाग गहाण टाकू नये, असे मी अगदी स्पष्टपणे सांगेन. एक-दोन वर्षे नोकरी करून पैसे साठवून गेलेल्या विद्यार्थ्याला तिथे उलट अधिक शिकता येते, कारण आपल्याला कोणत्या कामासाठी भाषा हवी आहे हे त्याला ठाऊक असते. परदेशी पैसे पाठवताना वर्षाला १० लाख रुपयांच्या पुढील रकमेवर बँक टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच वसूल होणारा कर, कापते. तो विवरणपत्र भरताना कराच्या रकमेत वळता करून घेता येतो.

५. कागदपत्रे: इथेच सर्वांत जास्त वेळ जातो

लागणारी कागदपत्रे साधारणपणे अशी:

– कोर्स संपल्यानंतरही काही महिने वैध राहील असा पासपोर्ट
– संस्थेचे प्रवेशपत्र, त्यात तारखा आणि आठवड्याचे तास लिहिलेले असावेत. शुल्क भरल्याची पावती
– पदवी प्रमाणपत्र आणि गुणपत्रिका
– जन्मदाखला, आईवडील खर्च करणार असतील तर त्यांचे हमीपत्र व बँकेची कागदपत्रे
– स्पेनमध्ये चालणारा, कोणतीही रक्कम स्वतः भरावी न लागणारा आरोग्य विमा
– राहण्याच्या जागेचा पुरावा
– सहा महिन्यांपेक्षा जास्त राहायचे असल्यास पोलीस ना-हरकत प्रमाणपत्र आणि वैद्यकीय दाखला

यादी सोपी दिसते, पण खरी मेख नावांमध्ये असते. ग्रामपंचायतीच्या जुन्या जन्मदाखल्यावर घरचे नाव, शाळा सोडल्याच्या दाखल्यावर दुसरे नाव, आधारवर आडनाव आधी आणि पदवी प्रमाणपत्रावर आईचे नाव शेवटी, अशी स्थिती आपल्याकडे घरोघरी आढळते. गावात कोणाचे काही अडत नाही, पण परदेशी अधिकाऱ्यासमोर ती चार वेगळी माणसे ठरतात. सर्व कागद एका टेबलावर मांडून नाव, वडिलांचे नाव, जन्मतारीख आणि गावाचे स्पेलिंग ही चार घरे एकेका कागदावर तपासावीत. किरकोळ फरक असेल, तर नोटरीसमोर केलेले प्रतिज्ञापत्र चालू शकते. नावच वेगळे असेल, तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावबदलाची नोंद करून घ्यावी लागते. या कामाला वेळ लागतो, म्हणून पासपोर्ट काढण्यापूर्वीच ते उरकावे. ग्रामपंचायतीकडून जन्मदाखला घेताना तो मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत छापलेल्या नमुन्यातच मागावा.

यानंतर येते अपोस्टिल, म्हणजे आपला कागद परदेशात खरा मानला जावा यासाठीचा सरकारी शिक्का. भारत २००५ पासून हेग अपोस्टिल करारात आहे, त्यामुळे परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल शिक्का असलेली कागदपत्रे स्पेनमध्ये ग्राह्य धरली जातात. त्याआधी राज्य पातळीवर साक्षांकन करावे लागते, आणि पदवीच्या बाबतीत विद्यापीठाकडून पडताळणीही लागू शकते. अपोस्टिल झाल्यावरच स्पॅनिश भाषांतर करून घ्यावे, कारण शिक्क्याचेही भाषांतर अपेक्षित असते. हे भाषांतर स्पेनच्या परराष्ट्र खात्याने नेमलेल्या अधिकृत भाषांतरकाराकडून झालेले असावे. तुम्हाला कितीही चांगले स्पॅनिश येत असले, तरी स्वतः केलेले भाषांतर इथे चालत नाही.

पावसाळ्याचाही विचार करावा. कोकण रेल्वेचे पावसाळी वेळापत्रक लागू झाले, की गाड्या सावकाश धावतात आणि दरड कोसळली तर रद्दही होतात. जुलैतल्या सकाळच्या भेटीसाठी त्याच पहाटे मुंबईत पोचणाऱ्या गाडीवर अवलंबून राहू नये, आदल्या दिवशीच नातेवाइकांकडे मुक्काम करावा. मूळ प्रमाणपत्रेही त्या दिवसांत कुरिअरने न पाठवता शक्यतो स्वतः न्यावीत.

६. व्हिसा

कोर्स ९० दिवसांच्या आतला असेल, तर अल्प मुदतीचा शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातील बऱ्याच देशांत मिळून चालणारा व्हिसा, लागतो. त्याचे शुल्क जून २०२४ पासून प्रौढांसाठी ९० युरो आहे आणि अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. ९० दिवसांहून मोठ्या कोर्ससाठी राष्ट्रीय विद्यार्थी व्हिसा लागतो, ज्याला 'डी' प्रकारचा व्हिसा म्हणतात. महाराष्ट्रातील अर्ज मुंबईतील स्पेनच्या वाणिज्य दूतावासाकडे जातात आणि ते स्वीकारण्याचे काम बीएलएस इंटरनॅशनलच्या केंद्रात होते.

२० मे २०२५ पासून स्पेनचे परदेशी नागरिकांविषयीचे नवे नियम लागू झाले आहेत. भाषा शिकायला येणाऱ्यांसाठी ते आधीपेक्षा कडक आहेत, त्यामुळे त्याआधी जाऊन आलेल्या मित्राच्या अनुभवावर विसंबू नये. विशेषतः कामाच्या परवानगीबद्दल सावध राहावे. विद्यापीठाच्या पदवी अभ्यासक्रमातील विद्यार्थ्यांना अर्धवेळ काम करण्याची जी मुभा आहे, ती भाषेच्या कोर्सला आपोआप मिळते असे समजून खर्चाचे गणित मांडू नये. अर्ज कोर्सच्या किमान दोन महिने आधी दाखल झाला पाहिजे. माझ्या मते तीन महिने आधी केलेला बरा.

अर्जासोबत उद्देशपत्र द्यावे आणि ते स्वतः लिहावे. मी कोणत्या पातळीवर आहे, तिथून कुठवर जाणार, परत येऊन कोणते काम करणार, हे त्यात सरळ शब्दांत असावे. इथे बी१ ची परीक्षा दिलेली असेल, तर त्या प्रमाणपत्राचे वजन मोठे असते, कारण तुम्ही खरोखर शिकायला निघाला आहात हे त्यावरून दिसते.

७. पोचल्यानंतरचा पहिला महिना

सहा महिन्यांपेक्षा जास्त मुदतीसाठी गेलेल्यांनी एका महिन्याच्या आत परदेशी नागरिकाच्या ओळखपत्रासाठी, म्हणजे 'तिए' कार्डासाठी अर्ज करायचा असतो. त्यासाठी आधी नगरपालिकेत राहत्या पत्त्याची नोंद करावी लागते. या दोन्ही कामांसाठी ऑनलाइन वेळ घ्यावी लागते आणि मोठ्या शहरांत ती लवकर मिळत नाही. ऑगस्टमध्ये तर निम्मा स्पेन सुट्टीवर असतो. म्हणून सप्टेंबरअखेर किंवा जानेवारीत सुरू होणारा कोर्स घ्यावा. भाड्याचा करार करतानाच 'या पत्त्यावर माझी नोंद करू द्याल ना?' असे घरमालकाला विचारावे. काही मालक त्याला नकार देतात आणि मग पुढचे सगळेच अडते.

८. राहणे आणि बोलणे

पहिले काही आठवडे स्थानिक कुटुंबात राहावे. स्वतंत्र खोलीपेक्षा खर्च थोडा जास्त होतो, पण वर्गातील चार तासांपेक्षा जेवणाच्या टेबलावरचा एक तास अधिक शिकवतो. तिथे दुपारचे जेवण दोन-तीन वाजता आणि रात्रीचे नऊनंतर असते. टेबलावर बातम्या चालू असतात, घरातील आजी एकाच वेळी टीव्हीशी आणि तुमच्याशी बोलत असते, आणि पहिल्या आठवड्यात तुम्हाला त्यातला फार तर एखादा विषय कळतो. महिन्याभराने तुम्ही तिच्याशी कोळंबीच्या भावावर वाद घालू लागता. कोकणी माणसाला तिथे मासळीची उणीव भासत नाही, ही जमेची बाजू.

सर्वांत मोठा सापळा आपल्याच माणसांचा आहे. परक्या गावात मराठी किंवा हिंदी कानी पडले की जीव सुखावतो आणि मग संध्याकाळ रोज त्याच घोळक्यात जाते. ही मैत्री जरूर ठेवावी, पण आठवड्यातून एक दिवस. राहिलेल्या संध्याकाळी भाषा-विनिमयाच्या बैठकांना जावे. अर्धा तास तुम्ही समोरच्याला इंग्रजी शिकवायचे, अर्धा तास त्याने तुम्हाला स्पॅनिश. त्याचबरोबर आपल्या क्षेत्राचे शब्द गोळा करावेत. वाणिज्यवाल्याने तिथली बिले आणि बँकेची पत्रे वाचावीत, मत्स्यव्यवसायवाल्याने सकाळच्या मासळी बाजारात जाऊन माशांची नावे, प्रतवारी आणि बर्फातल्या पेट्यांवरील चिठ्ठ्या लिहून घ्याव्यात. हे शब्द कोणत्याही पाठ्यपुस्तकात एकत्र सापडत नाहीत आणि मुलाखतीत नेमके हेच उपयोगी पडतात.

९. परीक्षा आणि नोकरीचा अर्ज

संस्थेचे हजेरी प्रमाणपत्र नोकरी देणाऱ्याच्या दृष्टीने फारसे मोलाचे नसते, अधिकृत परीक्षा द्यावीच लागते. मुख्य पर्याय दोन. 'डेले' ही इन्स्तितुतो सेर्वान्तेसची परीक्षा ठरावीक पातळीची असते, तिचे प्रमाणपत्र कायम वैध राहते आणि निकालाला काही महिने लागतात. तिच्यात वाचन-लेखन हा एक गट आणि ऐकणे-बोलणे हा दुसरा. प्रत्येक गटात ५० पैकी किमान ३० गुण लागतात, त्यामुळे व्याकरणात पक्के पण बोलताना अडखळणारे आपले विद्यार्थी दुसऱ्या गटात अडकतात. 'सिएले' ही संगणकावरची परीक्षा १,००० गुणांची आहे, निकाल साधारण तीन आठवड्यांत मिळतो आणि प्रमाणपत्र पाच वर्षे वैध असते. नोकरी लगेच शोधायची असेल तर सिएले, वेळ हाताशी असेल तर डेले. परीक्षा स्पेन सोडण्यापूर्वीच द्यावी, कारण परत आल्यावर जीभ फार लवकर जड होते.

नोकरीच्या अर्जात 'स्पॅनिश येते' असे मोघम लिहू नये. पातळी, परीक्षेचे नाव, वर्ष आणि त्या भाषेत आपण कोणते काम करू शकतो, एवढे लिहावे. बहुतेक कंपन्या पहिली चाचणी फोनवरच घेतात, तीही पूर्वसूचना न देता. गावी रेंज नीट येत नसेल, तर अर्ज पाठवल्यानंतरचे दोन-तीन आठवडे जिथे फोन स्पष्ट लागतो अशा ठिकाणी राहण्याची सोय करावी आणि रोज सकाळी अर्धा तास मोठ्याने स्पॅनिश बातम्या वाचाव्यात.